लिनो कापण्याआधी छापायला शिका

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "सहा महिन्यांपूर्वी लिनोकटचं, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचा ठसा कागदावर छापायचं, किट घेतलं. हौसेने थेट तीन रंगांचं रिडक्शन, म्हणजे एकच ठसा टप्प्याटप्प्याने कापत एकावर एक रंग छापायचं काम, करायला बसले, गेट वे ऑफ इंडियाचं. पहिला रंग ठिपक्याठिपक्यांचा आला, दुसरा सरकला, तिसऱ्यात जाळीचं सगळं नक्षीकाम शाईने भरून गेलं. कागद जाड वॉटरकलरचा होता, शाई किटमधलीच, छपाईचा प्रेस नाही म्हणून कागदाच्या पाठीवर लाकडी चमच्याने घासलं. आता वेगवेगळी तंत्रं करून बघायची आहेत, पण सुरुवात कुठून करू? वन रूम किचनमध्ये, पावसाळ्यात हे जमतं का? की प्रेसशिवाय अर्थ नाही?"

ताई, जमतं. माझी पहिली नऊ वर्षं लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत गेली. ओल्या प्रिंट कपडे वाळत घालायच्या दोरीवर, चिमटे लावून. प्रेस माझ्याकडे फार उशिरा आला. तोवर जे काम केलं, त्यातलं काही मला आजही प्रेसवर काढलेल्या कामापेक्षा जवळचं वाटतं. त्यामुळे जागेची आणि यंत्राची काळजी आधी सोडा.

तुमच्या वर्णनावरून मला तुमच्या कापण्यात फारशी चूक दिसत नाही. घोटाळा छपाईत झाला आहे, आणि तिन्ही तक्रारी एकमेकींत अडकलेल्या आहेत. वॉटरकलरचा जाड कागद खरखरीत असतो. त्याच्या उंचवट्यांनाच शाई लागते, खळगे कोरडे राहतात. प्रेसचा रूळ तो खरखरीतपणा दाबून सपाट करू शकतो, चमच्याच्या दाबाला ते शक्य नाही. त्यात किटमधली शाई बहुतेक पाण्यावर आधारलेली असते. डोक्यावर पंखा फिरत असेल तर ती कागद ठेवायच्या आतच ठशावर सुकायला लागते. मग ठिपके दिसतात. ठिपके दिसले म्हणून आपण आणखी शाई चढवतो, आणि ती बारीक खाचांत उतरते. म्हणजे पहिल्या रंगातले ठिपके आणि तिसऱ्या रंगात भरलेली जाळी हा एकच आजार आहे. रंग सरकला, कारण कागद नजरेच्या अंदाजाने ठेवला.

कापणं, शाई, कागद, दाब आणि जुळवणी असे पाच नवे विषय तुम्ही एकाच चित्रात घेतलेत. बिघडलं तेव्हा कशामुळे बिघडलं ते कळायला वाट उरली नाही. नवीन माणसाचं सगळं लक्ष कापण्यावर असतं, कारण तिथे हातात हत्यार असतं आणि काहीतरी घडताना दिसतं. पण लिनोचं निम्म्याहून जास्त शिक्षण शाईच्या काचेवर होतं. माझ्याकडे रविवारी शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी हत्यार देतच नाही. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे चार बाय सहा इंचांचा, काहीही न कापलेला लिनो देते आणि सांगते, याचे एकसारखे दहा काळे चौकोन काढा. कंटाळवाणं वाटतं खरं. पण सपाट, भरीव, एकसारखा काळा रंग हातानं काढता आला की पुढचं सगळं सोपं होतं. बहुतेकांना त्या दहासाठी तीस कागद लागतात.

शाईपासून सांगते. जुन्या कपाटाची किंवा टेबलाची काच घ्या, पाच मिलिमीटर जाड असली तर उत्तम, आणि काचवाल्याकडून कडा घासून घ्या. खाली पांढरा कागद ठेवला की रंग नीट दिसतो. रोलर चार इंची, रबराचा. स्पंजाचा घेऊ नका, तो खाचांत शाई ढकलतो. शाईची चिंचोक्याएवढी गोळी काचेच्या वरच्या कडेला ओढा आणि त्यातली थोडी थोडी खाली आणत रोलर फिरवा. दर वेळी रोलर उचलायचा, हवेत अर्धा फिरू द्यायचा, मग पुन्हा टेकवायचा. उचललाच नाही तर त्याचा तोच भाग काचेच्या त्याच जागेवर येत राहतो आणि शाई पट्ट्यापट्ट्यांत बसते.

आता कान द्या. शाई जास्त असली की रोलर फचफचतो आणि काचेवर संत्र्याच्या सालीसारखे फुगवटे दिसतात. कमी असली की रोलर जवळजवळ गप्प असतो आणि घसरतो. बरोबर असली की चिकटपट्टी सावकाश सोलावी तसा बारीक, सलग आवाज येतो आणि काच मखमलीसारखी दिसते. हा आवाज एकदा ओळखीचा झाला की मोजमाप लागत नाही. ठशावर एका जाड थरापेक्षा चार-पाच पातळ थर द्या, उभे आणि आडवे, दर वेळी रोलर काचेवर परत नेऊन. बारीक नक्षी वाचते ती याच सवयीने.

शाई कोणती? शिकताना पाण्याची चालेल. हात नळाखाली धुतले की झालं, घरात लहान मूल असेल तर तीच बरी. फक्त छापताना पंखा बंद ठेवा, आणि काचेवर ती घट्ट झाली तर बारीक फवाऱ्याने एकदा पाणी मारा. मुंबईच्या मे महिन्यात ती दोन-तीन मिनिटांत ओढायला लागते. उलट पावसाळ्यात ती चक्क शहाण्यासारखी वागते, हवेतल्या ओलीमुळे पुरेसा वेळ मिळतो. पण हात बसला की तेलाच्या शाईकडे या. तिचा काळा खोल असतो, ती काचेवर तासन्‌तास उघडी राहते, आणि सुकल्यावर तिच्यावर पाण्याचे रंग भरता येतात. आपल्याकडे अनेक मुद्राचित्रकार ऑफसेट छपाईची शाईच वापरतात, ती स्वस्त पडते आणि डबा वर्षानुवर्षं पुरतो. ती डब्यातून निघते तेव्हा ताठर असते. पुट्टी लावायच्या पत्र्याच्या पट्टीने काचेवर दोन मिनिटं मळली की वळणावर येते. उन्हाळ्यात फारच सैल झाली तर मॅग्नेशियम कार्बोनेटची चिमूटभर पूड मिसळा.

तेलाच्या शाईसाठी घरात टर्पेंटाइन आणू नका. वन रूम किचनमध्ये तो वास रात्रीच्या जेवणापर्यंत जात नाही. काचेवर आणि रोलरवर चमचाभर स्वयंपाकाचं तेल टाका, चिंधीने शाई सैल करून पुसा, मग भांडी घासायच्या साबणाने धुवा. ठसा मात्र नळाखाली धरू नका. लिनोच्या पाठीला तागाचं कापड असतं, ते भिजलं की फुगतं आणि ठसा वाकडा होतो. ओलसर फडक्याने पुसणं पुरेसं आहे.

एक गोष्ट मनापासून सांगते, कारण पुष्कळांना ती माहीतच नसते. तेलाच्या शायांमध्ये बहुतेक वेळा जवसाचं तेल असतं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, आणि सुकताना उष्णता बाहेर टाकतं. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत कोंबला, तर ती उष्णता आत साठून चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. काम संपलं की चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. यात कधीही आळस करू नका.

कागदाचं गणित हाताने छापणाऱ्यासाठी उलटं असतं. इथे पातळ कागद चांगला. सरावाला साधा ८० जीएसएमचा बाँड कागद घ्या, अब्दुल रहमान स्ट्रीटवर गठ्ठ्याने मिळतो. चांगल्या प्रिंटसाठी गुळगुळीत हातकागद किंवा जपानी पद्धतीचा लांब धाग्यांचा पातळ कागद वापरा. पुण्याच्या हातकागद संस्थेचे पातळ प्रकार मी वर्षानुवर्षं वापरते आहे. कागद निवडताना त्यावरून बोट फिरवून खरखर तपासा. तुमचा वॉटरकलरचा कागद वाया गेला असं समजू नका. तो पाण्याचा हात देऊन, टिपकागदात दाबून, दमट असताना छापला तर पुष्कळ ऐकतो. पण ते नंतर.

दाबासाठी लाकडी चमचा ठीक आहे. मला स्वतःला स्टीलची वाटी आवडते. वाटी मुठीत धरायची आणि बुडाच्या गोल कडेने घासायचं. दाब थेट आणि मोजका पडतो. मधे बटर पेपर ठेवा, म्हणजे कागदाला चकाकी येत नाही आणि तो फाटतही नाही. पुष्कळ जण लाटणं वापरून बघतात. लाटण्याने कागद सरकतो, मी ते सोडून दिलं. मोठा ठसा असेल तर जमिनीवर कागद पसरून त्यावर ठसा पालथा ठेवायचा आणि त्यावर अनवाणी उभं राहून टाच-चवडा, टाच-चवडा असं वजन फिरवायचं. आमच्या चाळीत मी फूटभर रुंदीचे ठसे असेच छापले.

घासताना मधे डोकावता येतं, हे हाताच्या छपाईचं सगळ्यात मोठं सुख. डाव्या हाताचा पंजा कागदाच्या अर्ध्या भागावर घट्ट दाबून ठेवा आणि दुसरी बाजू कोपऱ्यापासून हळूच उचला. शाई सुटताना कागद किंचित चरचरतो. बघा, कुठे राखाडी राहिलंय, कुठे रेघ तुटलीय. कागद जसाच्या तसा परत टेकवा आणि तेवढ्याच जागी पुन्हा घासा. फारच फिकं असेल तर अर्धा उचललेला असताना त्या भागावर रोलरने पातळ शाईसुद्धा देता येते. प्रेसवर ही चैन नाही. तिथे काय आलंय ते एकदाच, शेवटी कळतं.

आता लिनोबद्दल. लिनोलियम मुळात जमिनीवर अंथरायचं साहित्य. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६०च्या दशकात ते तयार केलं. घट्ट झालेलं जवसाचं तेल, राळ, बुचाची आणि लाकडाची भुकटी, आणि खाली तागाचं कापड. म्हणूनच चांगल्या लिनोला कापताना जवसाचा मंद वास येतो. विदर्भातल्या माणसाला तो लगेच ओळखू येईल, घरात जवसाची चटणी कुटताना तोच वास असतो. हे सांगते, कारण आज आपल्याकडे फरशीच्या दुकानात लिनोलियम म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पीव्हीसी प्लास्टिक असतं. सुरुवातीच्या काळात मी एका दुकानातून असं तीन मीटर उचललं, विद्यार्थ्यांना तुकडे वाटले, आणि सगळा रविवार हत्यारं घसरत राहिली. कापायला गेलं की ते ताणतं, कडा केसाळ होतात, शाई थेंबाथेंबाने गोळा होते. पाठीला ताग, पृष्ठभाग मंद, वास तेलाचा, अशी ओळख पटली तरच घ्या. फोर्ट आणि दादरमधल्या कलासाहित्याच्या दुकानांत विचारा. साधारण तीन मिलिमीटर जाडीचा, करडा किंवा तपकिरी लिनो मिळतो. वाकवून बघा, भेगा पडत असतील तर जुना आहे. ठीक असेल पण कडक वाटत असेल तर दहा मिनिटं उन्हात ठेवा किंवा कोमट इस्त्री कागदावरून फिरवा. मुंबईत याची गरज डिसेंबर-जानेवारीतच पडते. कापण्याआधी पृष्ठभागावर बारीक पॉलिश पेपर हलकाच फिरवला की शाई एकसारखी बसते. रबरासारखे मऊ ठोकळेही मिळतात, ते लोण्यासारखे कापले जातात. पण त्यांच्यावर बारीक रेघ टिकत नाही. हात वळवायला साधा खोडरबर त्याहून स्वस्त पडतो.

हत्यारं तीन पुरेत, नावं पात्याच्या इंग्रजी अक्षरासारख्या आकारावरून: एक बारीक व्ही, एक मध्यम यू, आणि मोकळी जागा काढायला एक रुंद यू. बारा हत्यारांच्या संचातली नऊ खोक्यातच राहतात. धार मात्र सोडू नका. गुळगुळीत ऑइलस्टोनवर, म्हणजे तेल लावून धार करायच्या दगडावर, महिन्यातून एकदा, आणि दर अर्ध्या तासाने कातड्याच्या पट्टीवर पॉलिश लावून पाच-सहा वेळा मागे ओढायचं. दारावर येणाऱ्या धारवाल्याला ही हत्यारं देऊ नका. चाक जोरात फिरलं की पातळ पोलाद तापतं आणि त्याचं पाणी उतरतं. माझ्या डाव्या तळहातावर अंगठ्याखाली जो व्रण आहे तो बोथट व्हीचा आहे. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेलं हत्यार सुटलं की थांबत नाही. त्या दिवशी डावा हात ठशाच्या पुढे होता. तो नेहमी हत्याराच्या मागे हवा. सुताराकडून वीतभर रुंद प्लायचा तुकडा घ्या आणि त्याच्या एका कडेला वरून, दुसऱ्या कडेला खालून लाकडी पट्टी ठोकून घ्या. खालची पट्टी टेबलाच्या काठाला अडकते, वरच्या पट्टीला ठसा टेकतो. मग डाव्या हाताने ठसा धरायची गरजच राहत नाही. वळणदार रेघ कापताना हत्यार वळवायचं नाही, ठसा फिरवायचा.

खोली किती? एक मिलिमीटरच्या आसपास. ताग दिसायला लागला म्हणजे फार खोल गेलात. रेघेच्या दोन्ही बाजूंचा उतार बाहेरच्या दिशेने हवा, डोंगराच्या सोंडेसारखा. आतल्या बाजूला कापलं तर रेघ खालून पोकळ होते आणि दहाव्या-बाराव्या प्रिंटला मोडून पडते.

चित्राकडे येऊ. लिनोत तुम्ही जे कापता ते पांढरं राहतं. पेन्सिलची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण त्याचा हात काळी रेघ काढायला शिकलेला असतो. काळी रेघ ठेवायची तर तिच्या दोन्ही बाजूंनी कापावं लागतं. ते कष्टाचं काम, आणि नवीन माणूस नेमकं तिथूनच सुरू करतो. तुम्ही पांढऱ्या रेघेपासून सुरू करा. आपल्याकडे तिची नजर आधीपासून आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेलं वारली चित्र बघा, सगळा विचार गडद जमिनीवरच्या उजळ रेघेचा आहे. चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडी यात्रेच्या निमित्ताने केलेला गांधीजींचा लिनोकट आठवा. काळ्या जागेतून हातात काठी घेतलेली आकृती मोजक्या पांढऱ्या कापांनी उभी राहते. प्रत्येक काप मोजता येईल इतका कमी, तरी चाल दिसते. मुंबईशी नातं असलेलं उदाहरण हवं तर चित्तप्रसाद यांचं. बंगालमधून आलेला हा चित्रकार अनेक वर्षं अंधेरीत राहिला आणि इथेच त्याने लिनोकट केले. कष्टकरी मुलांवरची त्याची मालिका कुठे बघायला मिळाली तर फक्त काळा किती ठेवलाय ते बघा. चेहऱ्यावरच्या दोन-चार कापांत तो मुलाचं वय सांगतो.

पांढरी रेघ हातात आली की एक ठसा निव्वळ खुणांसाठी कापा. चार बाय सहाच्या लिनोवर आठ चौकोन आखा. एकात व्हीच्या समांतर रेघा, एकात आडव्या-उभ्या, एकात रुंद यूचे आखूड टोचे, एकात हत्यार हलवत हलवत कापलेली थरथरती रेघ, एकात सुईचे ओरखडे, एकात पॉलिश पेपरने घासलेला पोत. दोन चौकोन रिकामे ठेवा, काहीतरी सुचतंच. हा ठसा जन्मभर जवळ ठेवायचा. पुढे समुद्र कसा दाखवू, बेसॉल्टचा दगड कसा दाखवू, असं अडलं की हा काढून बघायचा. मोकळी जागा कापताना उरणारे बारीक उंचवटेही शाई घेतात आणि प्रिंटमध्ये खरचटल्यासारख्या खुणा उमटतात. त्यांना दोष समजून सगळ्या साफ करू नका. कापाची दिशा आकाराला धरून ठेवली तर त्याच खुणा आकाशाला वारा देतात.

अक्षरं कापायची असतील तर उलटी कापावी लागतात, हे माहीत असूनही सगळे एकदा चुकतात. मीही चुकले, एका लग्नपत्रिकेवर. बटर पेपरवर मऊ पेन्सिलने सुलटं लिहा, तो कागद पालथा ठेवून मागून घासा, अक्षर आपोआप उलटं उतरतं. देवनागरीत शिरोरेघ शेवटी कापा. ती सगळ्या अक्षरांना बांधून ठेवते, आधीच नाजूक केली तर हत्यार घसरून ती तुटते.

यानंतर एका ठशावर पुष्कळ प्रयोग होतात, आणि खरी गंमत इथे आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा: शाई, कागद, पंखा चालू की बंद. काचेवर दोन रंग शेजारी लावून रोलर त्याच दिशेने फिरवत राहिलं की मधे ते मिसळतात आणि सांजेचं आकाश एका फेरीत येतं. पातळ रंगीत कागदाचा तुकडा गव्हाच्या खळीने चिकटवत त्याच वेळी त्यावर छापता येतो, फक्त खळ अगदी पातळ हवी. तेलाच्या शाईची काळी प्रिंट पूर्ण सुकली की तिच्यात वॉटरकलर भरता येतो, शाई पाण्याला जवळ येऊ देत नाही आणि काळी रेघ स्वच्छ राहते. तुम्हाला रंग हवे आहेत तर माझ्या मते आधी हाच रस्ता धरा. मग दोन ठशांची प्रिंट. मग एकच ठसा कात्रीने किंवा कटरने तुकडे करून, प्रत्येक तुकड्याला वेगळा रंग लावून, पुन्हा जोडून छापायचा.

रिडक्शन सगळ्यात शेवटी. एकाच ठशावर आधी फिका रंग, मग तो जिथे ठेवायचा तेवढा भाग कापून टाकायचा, वर मधला रंग, पुन्हा कापायचं, वर गडद. मागे जाता येत नाही, ठसा संपत जातो. १९५०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समधल्या व्हॅलोरिस गावी पिकासोने ही पद्धत मनापासून धरली, तेव्हा त्याच्या मागे साठ वर्षांची चित्रकला होती. दहा प्रिंट हव्या असतील तर पहिल्या रंगाच्या सोळा काढा, प्रत्येक रंगाला एक-दोन बिघडतातच. जुळवणीसाठी जाड पुठ्ठ्यावर ठशाच्या मापाची खाच करा आणि पुठ्ठ्याच्याच दोन काटकोनी पट्ट्या चिकटवा. ठसा खाचेत, कागदाचा कोपरा पट्टीत, दर वेळी तोच कोपरा. प्रत्येक रंग पातळ ठेवा. पहिले दोन थर जाड आणि चकचकीत झाले तर तिसरा त्यांच्यावर धरत नाही, घसरतो.

आणि रिडक्शन जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. कागद हवेतली ओल पितो आणि वाढतो. सोमवारी छापलेला पहिला रंग गुरुवारी दुसऱ्याशी जुळत नाही, कारण कागदाचं मापच बदललेलं असतं. तेलाची शाई थंडीत दोन-तीन दिवसांत सुकते, पावसात माझ्याकडे आठवडा घेते. पण एका रंगाच्या छपाईला हाच दमट, मऊ पडलेला कागद फार छान शाई घेतो. म्हणून पावसाळ्यात काळ्या-पांढऱ्याचं काम करा आणि रंगांची जुळवणी दिवाळीनंतर घ्या. कोरा कागद प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, भिंतीपासून दूर ठेवा, नाहीतर सप्टेंबरपर्यंत तपकिरी ठिपके येतात.

कॉस्टिक सोड्याने लिनो कोरायची पद्धतही कुठेतरी तुमच्या बघण्यात येईल. सोडा लिनोमधल्या तेलाला खातो आणि पृष्ठभाग सुंदर, दाणेदार होतो. पण तो कातडी आणि डोळे जाळतो. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा आणि शेजारी जाणकार माणूस असल्याशिवाय ते करू नका. स्वयंपाकघरात तर मुळीच नाही.

शेवटी तुमचा गेट वे. तो ठसा फेकला नसेल अशी आशा आहे. तिसऱ्या रंगासाठी कापून झालं, म्हणजे ठशावर आता फक्त सगळ्यात गडद भाग उरला आहे: कमानींच्या आतली सावली, छज्ज्याखालचा अंधार, कदाचित कट्ट्यावरची कबुतरं. जाळीत सुकून बसलेली शाई ओलसर फडक्याने फुगवा, जुन्या मऊ दातब्रशने काढा, ठसा दिवसभर वजनाखाली वाळू द्या. मग पंखा बंद करून, पातळ बाँड कागदावर, वाटीने, फक्त काळ्या शाईत तो छापा. जाळी भरली तर पुढच्या प्रिंटला शाईचा एक थर कमी करा, फिकी आली तर घासणं वाढवा. जाळीचं प्रत्येक भोक स्वच्छ दिसेपर्यंत करत राहा. तोवर नवीन काही कापू नका. बाकी दगड सगळा कोरा कागद असेल, आणि त्यात बेसॉल्टचा पिवळसर रंग ब्रशने भरता येईल.